बाबांच्या डाव्या हाताचा शोध

खट्.

टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर आलं. कॅसेट संपली आणि घर एकदम इतकं गप्प झालं, की माजघरात पाळण्याची कडी कुरकुरत होती तीसुद्धा मला चुलीपाशी ऐकू आली. मी हातात पळी धरून थांबले. भजन संपलं की आमच्याकडे कोणीतरी ‘वा!’ म्हणायची पद्धत आहे. पडवीत कोणी काही म्हणेना.

मग बाबांचा आवाज आला.

“उजवो हात ऐकलंय. डावो खंय गेलो?”

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्या पंचक्रोशीत त्यांना लवू मृदंगी म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी भजनात मृदंग वाजवला. तीन वर्षांमागे वालावलीच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात उत्सवाचं भजन झालं, ते माझ्या दिराने, गुरुदासभावोजींनी, टेप केलं. पुढच्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला. तोंड तर दुप्पट परत आलं. पण डावा हात काही आला नाही. तो मांडीवर पडून असतो. जागा बदलायची झाली की बाबा उजव्या हाताने त्याला अलगद उचलतात आणि दुसरीकडे ठेवतात. माझा सहा महिन्यांचा बाबली झोपला की मी त्याला उचलते ना, अगदी तसं. तेव्हापासून मृदंग गवसणीत घालून माजघरातल्या खुंटीला टांगलेला आहे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. शेजारच्या काशीकाकीसुद्धा बोलत नाहीत, आणि त्या ज्याबद्दल बोलत नाहीत अशा गोष्टी या गावात दोन-तीनच असतील.

आता टेपरेकॉर्डरला जोडलेले हे दोन काळे डबे कुठून आले ते सांगते. गुरुदासभावोजी मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत तारा ओढायच्या कामाला आहेत. स्टुडिओने नवे स्पीकर घेतले आणि जुने नोकरांना वाटून टाकले. त्यांतली एक जोडी भावोजींनी शिमग्याला आणली आणि मला समजावून सांगितलं, “वहिनी, हे स्टुडिओतले स्पीकर. हे खोटं बोलत नाहीत. गाणं जसं असेल तसं ऐकवतात, पदरचं काही घालत नाहीत.”

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्या घरात पोटात कावळे कोकलत असतानाही ‘आम्ही जेवूनच आलो’ असं म्हणतात, त्या घरात खरं बोलणारी वस्तू आणून ठेवणं बरं नव्हे.

“बाबा, हात आहे,” हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, सत्यवान मास्तर. हायस्कुलात शास्त्र शिकवतात. त्यामुळे घरात दूध उतू गेलं तरी आधी कारण समजतं आणि मग फडकं मिळतं. “हात कॅसेटमध्ये आहेच. पण हे स्पीकर लहान. उजव्या हाताचा टणटण आवाज त्यांच्यातून निघतो. डाव्याचा ‘धूम्’ जाड असतो, त्याला मोठं तोंड लागतं.”

“म्हणजे माझो हात कॅसेटीत अडाकललो आसा?”

“तसंच समजा.”

“मगे तेका भायर काढ,” बाबा म्हणाले. आणि मी दारातून पाहिलं, तर उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर हळूहळू ताल धरून होती. जणू आत कोणी आहे का ते दार वाजवून बघत होती.

त्यानंतर या प्रकरणात ‘नको’ म्हणायची माझी छाती झाली नाही.

भावोजींचं पत्र आलं : स्टुडिओच्या अडगळीत एक आठ इंची वूफर पडून आहे. वूफर म्हणजे फक्त जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. तो एस्.टी.च्या पार्सलने पाठवतो. खोकं मात्र तिकडेच करा. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि जाहीर केलं, “नवीन काही विकत आणायचं नाही. सगळं घरातल्या वस्तूंत बसवायचं.” ‘घरातल्या वस्तू’ हे शब्द पुरुष वापरतात तेव्हा त्यांचा अर्थ ‘स्वयंपाकघरातल्या वस्तू’ असा असतो, हे मला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळलं.

पार्सल सोडवायला तालुक्याला गेलो. हे, मी, कडेवर बाबली, आणि बोटाला पाच वर्षांची दुर्गा. पार्सलच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“आपलंच का ते?” आवाज इतका गंभीर, की मला वाटलं प्रेताची ओळख पटवायला बोलावलंय. “पाठवणाऱ्यांनी वर काय लिहिलंय वाचलंत? ‘आत चुंबक आहे, घड्याळे दूर ठेवावी.’”

“बरोबर आहे,” हे म्हणाले.

“बरोबर आहे ना? मग हे पाहा.” त्यांनी मनगट पुढे केलं. “माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ. अकरा वर्षं एक मिनिट मागे पडलं नाही. परवा आपलं पार्सल आलं, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बंद. याची नोंद केल्याशिवाय पार्सल हलणार नाही. एक अर्ज लिहा.”

आता कोणीही शहाणा माणूस ‘बघू, करू’ म्हणाला असता. पण शास्त्राचा शिक्षक. ह्यांनी पार्सलाच्याच फॉर्माच्या पाठीवर चुंबकाची आकृती काढली, तिच्यातून बाणांच्या रेषा काढल्या, आणि लोखंडी स्प्रिंगवर चुंबकाचा काय परिणाम होतो ते समजावून सांगितलं. गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे आपण कबूल करता. खाली सही करा.”

हे सहीला वाकले, तेवढ्यात बाबलीने खिडकीतून हात घालून ते घड्याळच पकडलं. मी त्याची मूठ सोडवता सोडवता सहज विचारलं, “भाऊ, याला चावी दिली होती का?”

काही प्रश्न असे असतात की त्यानंतर पंखासुद्धा हळू फिरतो.

“काल गर्दी होती,” गृहस्थ म्हणाले. ते उठले, भिंतीकडे तोंड करून त्यांनी मनगटाशी काहीतरी फिरवलं, आणि पार्सल खिडकीतून पुढे सरकवलं. घड्याळ चालू झालं असं त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पण टिकटिक ऐकू येत होती. घरी येईपर्यंत हे एस्.टी.च्या खिडकीबाहेरच बघत होते. चुंबकाच्या रेषा काढलेला तो फॉर्म मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता. पुढे शाळेत उपयोगी पडेल म्हणून.

मग धोंडू आला. बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे तो. त्याने एक जुना ॲम्प्लिफायर उसना दिला आणि तांब्याच्या तारेचं एक जाडजूड वेटोळं करून मध्ये जोडलं. “यातसून फक्त जाडो आवाज पुढे जाता,” तो म्हणाला, “बारीक सगळो हंयच अडता.”

काशीकाकी कुंपणाच्या वईवरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “रे धोंडू, असला एक आमच्या घोवाक लाव. बारीक किरकिर अडली तरी माझा निम्मा आयुष्य सुखाचा जायत.”

पहिलं खोकं आंब्याचं केलं. गेल्या साली मुंबईला आंबे पाठवून उरलेलं फळ्यांचं खोकं होतं. ह्यांनी त्याला गोल भोक पाडलं, वूफर बसवला, फटींत पेंढा कोंबला. बाबा पडवीत खुर्ची ओढून बसले. कॅसेट लावली. पहिला ‘धूम्’ यायच्या जागी खोक्याचे झाडून सगळे खिळे एकदम बोलायला लागले. फळ्या थडथडल्या, पेंढा उडाला, आणि पेंढ्यात सहकुटुंब राहणारी एक पाल बाहेर येऊन आमच्याकडे रागाने बघत तुळशीकडे निघून गेली.

“भजन नाय गो ह्या,” काशीकाकी म्हणाल्या. “ही खिळ्यांची बारी, खिळ्याखिळ्यांचो सामनो.”

बाबांनी नुसती कॅसेट बंद करायची खूण केली. हे मात्र बोलले. खोकं बंद हवं, फट नको, भिंत जाड हवी, आणि आत हवा हवी. असं म्हणत ते घरभर फिरत होते आणि मी त्यांची नजर कुठे जाते ते बघत होते. ती जिथे जाऊ नये तिथेच गेली. माझ्या तांदळाच्या पिंपाकडे.

“रिकामं कर,” हे म्हणाले.

“आणि वर्षाचे तांदूळ कुठे ओतू? तुमच्या शास्त्रात?”

तडजोड झाली. अर्धे तांदूळ आत राहतील, वरच्या अर्ध्यात शास्त्र राहील. पिंप पडवीत आलं आणि धोंडूने त्याच्या झाकणाला वूफरसाठी गोल भोक पाडलं. आईने रुखवतात दिलेलं झाकण ते. पाडताना मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून कांदा चिरत होते. दुर्गाने विचारलं, “आई, तू कांद्यान रडतंस की झाकणान?” मी म्हटलं, “दोघांनी.”

पिंपाचा आवाज मोठा आला यात शंका नाही. पण तो भजनाचा होता असं म्हणवत नाही. मृदंग असो, टाळ असो, बुवांचा खोकला असो, पिंप सगळ्याला एकच उत्तर देई : हूंऽऽ. भिंतीवरच्या फोटोतले माझे आजेसासरे तिरके झाले. फळीवरच्या कपबशा एकमेकींशी कुजबुजायला लागल्या. आणि तीन मिनिटांनी झाकणाच्या कडेने एक काळा ठिपका वर आला. मग दुसरा. मग रांगच.

सोंडे! माझ्या तांदळातले सोंडे! आत त्यांच्या घराला हादरे बसत होते, म्हणून ती सगळी मंडळी मुलाबाळांसह बाहेर पडून पिंपाच्या कडेवरून खाली उतरत होती आणि शिस्तीने पुढच्या अंगणात, खळ्यात, जात होती.

मी सुपात तांदूळ घेऊन पाहिले. एक सोंडा सापडला तर शपथ. आणि इथेच माझी चूक झाली. मी आनंदाने मोठ्याने हसले. वईपलीकडे काशीकाकी होत्या.

संध्याकाळपर्यंत त्या त्यांचा डबा घेऊन हजर. “गो शुभदा, माझ्या कुळथात सोंडे झालेत. वाईच तुझ्या भजनात ठेवतंस?”

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या चौघी आल्या. तिसऱ्या दिवशी आचऱ्याहून कोणाची तरी मावशी पिशवीभर मूग घेऊन आली आणि देवासमोर ठेवावं तसं पिंपावर फूल ठेवून गेली. देवाच्या नावानेच किडे पळतात, असं गावात बोललं जाऊ लागलं. ‘कंपनांमुळे’ असं हे प्रत्येकीला समजावत होते, आणि प्रत्येक जणी ‘होय होय, देवाची कंपना’ म्हणून मान डोलवत होती. मी बी. ए. आहे. इतिहास घेऊन दुसऱ्या वर्गात पास झाले आहे. पण बाजारात मला बायका विचारत, “शुभावैनी, तुमच्याकडे सोंड्यांचा भजन आता कधी आसा?”

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. त्या पिंपाच्या आवाजात पाळण्यातला बाबली तीन मिनिटांत झोपे, आणि कॅसेटची बाजू संपेपर्यंत उठत नसे. हे जे मी लिहिते आहे, त्याची सुरुवात त्या अर्ध्या अर्ध्या तासांत झाली. तेव्हा सोंड्यांच्या भजनाविरुद्ध मी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोलले नाही, हे कबूल करते. आईला अर्धा तास मिळत असेल तर ती गावात कोणत्याही नावाने ओळखली जायला तयार असते.

पण बाबा? बाबांनी चौथ्या दिवशी, कॅसेट चालू असतानाच, खुर्ची अंगणाकडे फिरवली.

“ह्यो मृदंग नाय,” ते म्हणाले. “ह्यो डबो. माझो हात असो बोलना नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून कपडे घेऊन आले तर पडवी संशयास्पद शांत होती. बाबा खुर्चीत, दुर्गा खाली पाटावर. दोघांची तोंडं देवळातल्या मूर्तींसारखी. दुर्गाच्या कोपरापर्यंत पीठ.

“काय केलंत?” मी विचारलं.

“आमी कायएक करूक नाय,” दुर्गा म्हणाली. बाबा आढ्याकडे बघत होते.

मृदंगाच्या उजव्या तोंडाला काळी शाई कायमची असते. डाव्याला मात्र दर वेळी वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हाच तो ‘धूम्’ म्हणून खोल बोलतो, आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. चाळीस वर्षं ज्या माणसाने हे केलं, त्याने एका मुक्या डाव्या तोंडाकडे चार दिवस पाहिल्यावर काय करावं? माझ्या डब्यातली, रेशनच्या गव्हाची, पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक आजोबा-नातीने वूफरच्या कागदी पडद्यावर, अगदी मधोमध, सुबक गोल थापली होती.

“डाव्याक कणीक लावल्याशिवाय तो बोलूचो नाय,” बाबा आढ्याला म्हणाले.

शाळेतून हे आले. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा मी शब्दांत सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत कोणी तांदूळ शिजवत ठेवले तर होईल तसा झाला. “बाबा, हे यंत्र आहे! चामडं नाही! याला कणीक...”

“लाव तरी,” बाबा म्हणाले.

कॅसेट लावली. आणि पिंपाच्या त्या ‘हूंऽऽ’च्या खालून, अगदी तळातून, काहीतरी निराळं आलं. एकदाच. दोनदा. ‘धूम्’ नव्हे, पण ‘धूम्’च्या घराकडची वाट होती ती. बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

ह्यांनी चष्मा पुसला. कणकेच्या वजनामुळे पडदा सावकाश हलतो, म्हणून आवाज खाली उतरतो, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटले. मग फार दुखावल्या आवाजात मला म्हणाले, “पण हे त्यांना कसं माहीत?”

“सकाळी परत मळ,” बाबांनी मला सांगितलं. “आजची सुकतली.”

पण सकाळ होऊन मी कणीक मळेपर्यंत काशीकाकींची तांबडी कोंबडी पडवीत येऊन गेली होती. तिने सुकलेली कणीक पाहिली, आणि कणीक पाहिल्यावर कोंबडीने जे करावं ते केलं. मी धावत आले तेव्हा वूफरच्या पडद्याला बोटभर भोक होतं आणि कोंबडी पिंपावर उभी राहून मान तिरकी करून आत आणखी काही आहे का ते बघत होती.

“तिका काय म्हायत?” काशीकाकी तिची बाजू घेत म्हणाल्या. “सगळो गाव भजनाक येता, तशी तीव इली!”

धोंडू म्हणाला, पडदा गेला म्हणजे वूफर गेला. दुसरा मुंबईतच मिळेल, नवा घ्यायचा तर आमच्या आवाक्यातला नाही. हे म्हणाले, ठिगळ लावू. डिंकाने लावलं, ते सुटलं. मग काशीकाकींनी भरपाई म्हणून फणसाचा चीक आणून दिला. चिकाने या जिल्ह्यात काहीही चिकटतं, हे खरं. धोतराच्या मऊ तुकड्याचं ठिगळ चिकटलं. पण त्याबरोबर ह्यांची तीन बोटंही एकमेकांना चिकटली, आणि तपासायला आणलेला नववी ‘ब’चा एक पेपर तळहाताला. खोबरेल तेल चोळून चोळून तो सोडवला. पेपरात प्रश्न होता, ‘अर्धपारदर्शक पदार्थाचे उदाहरण द्या.’ मुलाने जागा कोरी सोडली होती. आता तेल पिऊन तो कागद स्वतःच उत्तर होऊन बसला होता. ह्यांनी बराच विचार केला आणि एक गुण दिला.

ठिगळ लावलेला वूफर पुन्हा पिंपावर चढवला. आवाज आला : हूंफट्, हूंफट्. कोणी हसलं नाही. बाबा उठले, पाय ओढत टेपपाशी गेले आणि उजव्या हाताने त्यांनी स्वतः बटण दाबलं.

“जावंदे,” ते म्हणाले. “हात गेलो तो गेलो. कॅसेटीतसून भायर काढून तेका ठेवचो खंय?”

ह्यांनी पिंपावरची तार सोडायला घेतली. आठवडाभर ज्या घरात हादरे बसत होते ते घर असं बसलं होतं, जसं काही आमच्यातलं कोणीतरी पुन्हा आजारी पडलं होतं. आणि मला लाज वाटत होती. मी माझ्या अर्ध्या अर्ध्या तासांसाठी पिंप चालू ठेवलं होतं, आणि बाबा रोज खुर्चीत बसून आपला हात नसलेला ऐकत होते.

दुर्गा पाटावरून उठली. “आजोबा,” ती म्हणाली, “कणीक खऱ्या मृदंगाक लावतत ना?”

“होय.”

“मगे ह्याका तांदळाच्या पिंपात कित्याक ठेवलास? खऱ्या मृदंगात ठेवा.”

मी, हे आणि बाबा, तिघांनीही एकदम माजघराच्या दारातून खुंटीकडे पाहिलं, आणि एकदमच नजर काढून घेतली. दोन वर्षांत तिकडे कोणी सरळ पाहिलं नव्हतं.

बाबा दुपारभर माजघराकडे पाठ करून बसले. चहा झाला. बाबली उठला, रडला, थांबला. मग बाबांनी मला हाक मारली. ह्यांना नाही, मला.

“गो चेडवा, तो मृदंग काढ. आणि सुरी हाड.”

मी सुरी आणली आणि गवसणी सोडली. फणसाच्या लाकडाचं ते खोड अजून कसं तुळतुळीत होतं! डाव्या तोंडावर कणकेचा जुना पांढरा गोल उमटलेला होता. बाबांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि त्या गोलावर ठेवला. थोडा वेळ तो तिथे नुसता पडून राहिला. मग त्यांनी तो पुन्हा मांडीवर नेऊन ठेवला आणि सुरी घेतली.

“धर घट,” ते म्हणाले.

मी धरला. त्यांनी मधलं कातडं गोल कापलं. कडेचं कडं आणि वाद्या तशाच राहिल्या, म्हणजे उजवं तोंड ताणलेलंच राहिलं. कापाचा गोल एकदाही वाकडा गेला नाही. मृदंग हलू नये म्हणून मी तो गुडघ्यांत धरला होता. वूफर त्या तोंडात असा बसला, जसा कोणी माप घेऊनच केला असावा. धोंडूने तार आत नेली. हे नुसते उभे होते. शास्त्राचं एक वाक्यही ते बोलले नाहीत, आणि लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम त्यापूर्वी एकदाच वाटलं होतं.

दुर्गाने ताजी कणीक ठिगळावर थापली. काशीकाकींच्या कोंबडीवर टोपली पालथी घातली. मी बटण दाबलं.

बुवांनी अभंग उचलला. टाळ आले. दोन काळ्या डब्यांतून उजवा हात आला, खरा, पदरचं काही न घालता. आणि मग मृदंगाच्या डाव्या तोंडातून, त्या फणसाच्या पोटातून, आला.

धूम्.

जरासा फाटका होता. पण कोणाचा आहे ते सांगावं लागलं नाही. काशीकाकी कुळथाचा डबा घेऊन खळ्यात आल्या होत्या. त्या डबा घेऊन उभ्याच राहिल्या.

“आसा,” बाबा म्हणाले. “आसा हंय.”

मग त्यांनी मृदंग मांडीवर ओढून घेतला. उजवा हात उजव्या तोंडावर ठेवला, क्षणभर थांबले, आणि सम धरून वाजवायला लागले. डाव्या तोंडातून तीन वर्षांपूर्वीचा डावा हात बोलत होता, आणि उजव्या तोंडावर आजचा उजवा त्याला उत्तर देत होता. एका ठिकाणी बाबा चुकले. चुकून हसले आणि म्हणाले, “मेलो तो वालावलीतलो लवू माझ्यापेक्षा बरो वाजवी होतो.” हे भिंतीला टेकून चष्मा पुसत होते. पुसून पुसून तो कधी साफ होणार होता देव जाणे. पाळण्यात बाबली तालावर पाय झाडत होता. आज तो झोपला नाही, आणि माझा अर्धा तास गेला. जाऊ दे.

दुर्गा माझ्या पदराला धरून बघत होती. आधी मृदंगाच्या डाव्या तोंडाकडे. कणकेचा गोल तिथे थरथरत होता. मग बाबांच्या मांडीवर उताण्या पडलेल्या डाव्या हाताकडे.

“आई,” तिने हळूच विचारलं, “आजोबांचो हात थंय वाजता, तर हंय कित्याक हलना नाय?”